उतारवयातला उतार

म्हातारपणासाठी आपल्याकडे ‘उतारवय’ असा एक सौम्य शब्द आहे. त्यात एक गृहीतकही दडलेले आहे. चढ संपला, आता कठडा धरून, जपून, हळूहळू खाली यायचे. इंग्लंडमधल्या जंगलवाटांवर सुट्टीच्या दिवशी जमणारी काही मंडळी मात्र हा उतार अगदी वेगळ्या तऱ्हेने उतरतात. वय पन्नाशीच्या पुढचे, काहींचे साठीच्याही. डोक्याला हेल्मेट, मनगट-कोपर-गुडघ्यांना पॅड आणि पायाखाली हवा भरलेल्या चार चाकांची लांबट फळी. ओक आणि बीचच्या झाडांमधून जाणारी, कुजलेल्या पानांनी आणि मुळांनी भरलेली पायवाट. एक जण सुटतो, मागून दुसरा. कुणीतरी घसरतो, बाकीचे थांबतात, ‘ठीक आहेस ना?’ विचारतात, थोडी थट्टा होते आणि सगळे आपापली फळी काखेत मारून पुन्हा टेकडी चढू लागतात.

या खेळाचे नाव माउंटनबोर्डिंग. आपल्याकडचा कोणताही मुलगा किंवा सून हे दृश्य पाहून एकच प्रश्न विचारेल : ‘आता या वयात हे कशाला?’ प्रश्न काळजीचा आहे आणि अगदीच चुकीचा नाही. पण त्याचे उत्तर वाटते तितके सरळही नाही. कारण वाढत्या वयात पडणे टाळायचे तर हालचाल कमी करावी, ही जी आपली घराघरांतली समजूत आहे, ती गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या संशोधनापुढे टिकलेली नाही.

आधी त्या फळीविषयी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिका, इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया अशा तीन ठिकाणी, साधारण एकाच काळात, वेगवेगळ्या लोकांच्या डोक्यात ही कल्पना आली. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत बर्फावर स्नोबोर्ड चालवणाऱ्यांना उन्हाळ्यात करायला काही नव्हते. जेसन ली आणि त्याच्या साथीदारांनी १९९३ मध्ये तिथे अशा फळ्या बनवायला सुरुवात केली. स्केटबोर्डची चाके लहान आणि कडक असतात, खडा आला की ती अडतात. इथे साधारण आठ-नऊ इंचांचे, हवा भरलेले टायर असतात, त्यामुळे गवत, माती, बारीक दगड यांवरून फळी जाते. पाय पट्ट्यांत अडकवलेले असतात. शरीर आडवे ठेवून, गुडघे वाकवून उभे राहायचे आणि वजन टाचेकडे किंवा चवड्याकडे झुकवून वळायचे. थांबायचे तर फळी उताराला आडवी घालून मागची चाके घसरवायची. काही फळ्यांना हातात धरायचा ब्रेकही असतो.

तेव्हा विशी-पंचविशीत असलेले लोक आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. हा खेळ ऑलिम्पिकमध्ये नाही, दूरदर्शनवर फारसा दिसत नाही, त्यात पैसाही नाही. अशा खेळात जे टिकतात ते केवळ आवडीपोटी आणि सोबत्यांपोटी. त्यामुळे जंगलातल्या या टोळक्यांत पिकलेल्या दाढ्या दिसाव्यात, यात नवल नाही. खेळ आणि खेळणारे बरोबरीनेच वयात आले आहेत.

आता शरीराकडे वळू. आपण उभे राहतो तेव्हा काहीच करत नाही असे वाटते. प्रत्यक्षात शरीर सतत थोडे पुढे-मागे झुकत असते आणि सतत सावरत असते. त्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी लागते. डोळे सांगतात की आजूबाजूचे जग सरळ आहे की तिरके. तळपाय, घोटे, सांधे आणि स्नायू सांगतात की वजन कुठे आहे. आणि अंतर्कर्णात, म्हणजे कानाच्या आतल्या भागात, द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या सूक्ष्म खड्यांचा एक थर असतो. डोके फिरले की नलिकांतला द्रव हलतो, डोके कलले किंवा वेग बदलला की खडे सरकतात आणि त्याखालच्या केसासारख्या पेशी मेंदूला तसे कळवतात. या पेशी वयाबरोबर कमी होत जातात. अमेरिकेत चाळिशीपुढच्या लोकांची मोठी पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. त्यांत ३५ टक्के लोकांच्या अंतर्कर्णाच्या संतुलनयंत्रणेत काही ना काही बिघाड आढळला. बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो, कारण डोळे आणि पाय ती उणीव भरून काढतात. मग रात्री दिवे गेले आणि जमीन ओली असली की हिशेब एकदम चुकतो.

ही झीज पूर्ण थांबवता येत नाही. पण आलेल्या बातमीचा वापर मेंदू किती चपळाईने करतो, हे सरावावर अवलंबून असते. इथेच खडबडीत जमिनीचा फायदा कळतो. सपाट फरशीवर पायाला नवे काही सांगण्यासारखे नसते. जंगलवाटेवर मात्र प्रत्येक हातभर अंतरावर घोट्याला वेगळी खबर मिळते. सह्याद्रीतला घसारा उतरलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. मुरमाड उतारावर पाय निसटतो, शरीर विचार करण्याआधीच सावरते आणि खाली आल्यावर मांड्या थरथरत असतात.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांना एक साधी गोष्ट करायला सांगितली. एका पायावर, कशाचाही आधार न घेता, दहा सेकंद उभे राहायचे. दर पाचातल्या एकाला ते जमले नाही. ७१ ते ७५ या गटात तर निम्म्याहून अधिक जण अपयशी ठरले. पुढे सरासरी सात वर्षे या लोकांचा मागोवा घेतला गेला. ज्यांना जमले होते त्यांच्यापैकी ४.६ टक्के या काळात दगावले, ज्यांना जमले नाही त्यांच्यापैकी १७.५ टक्के. वय, लिंग, वजन आणि आधीचे आजार यांचा हिशेब धरूनही मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी अधिक निघाला. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा समाजमाध्यमांवर ‘एका पायावर उभे राहा, आयुष्य वाढवा’ असे संदेश फिरले. त्या अभ्यासाचा अर्थ तसा नाही. एका पायावरचा तोल हा शरीराच्या एकूण अवस्थेचा आरसा आहे. आरसा पुसल्याने चेहरा बदलत नाही. पण आरशात बघणे टाळण्यातही शहाणपण नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो शिकागोतला एक प्रयोग. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी ६५ वर्षांपुढच्या दोनशेहून अधिक लोकांना एका खास पदपथावरून चालायला लावले. कमरेला वरून सुरक्षापट्टा बांधलेला, त्यामुळे प्रत्यक्ष आपटण्याची भीती नाही. चालता चालता पायाखालची फळी अचानक सरकायची. अर्ध्या लोकांना एकाच बैठकीत असे २४ वेळा घसरवले, उरलेल्यांना फक्त एकदा. पुढच्या वर्षभरात रोजच्या आयुष्यात कोण किती पडले याची नोंद ठेवली. २४ वेळा घसरलेल्यांचे पडणे दुसऱ्या गटापेक्षा निम्म्यावर आले होते. एका बैठकीतला धडा शरीराने वर्षभर लक्षात ठेवला! २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एक जुनी समजूत हलवली. घसरण्यापासून वाचण्याचे कौशल्य चांगले चालून येत नाही, ते घसरूनच येते. अर्थात, सुरक्षितपणे घसरून.

हे दोन्ही अभ्यास माउंटनबोर्डवरचे नाहीत, चालण्या-उभे राहण्यावरचे आहेत, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. दोन्हींत एक फरकही आहे. तोल गेला की आपण तीन प्रकारे सावरतो. थोडा गेला तर घोट्यातून, जास्त गेला तर कमरेतून वाकून आणि त्याहून जास्त गेला तर पटकन पाऊल टाकून. फळीवर पाय पट्ट्यांत असल्यामुळे तिसरा मार्ग बंद होतो. म्हणून घोटे, गुडघे आणि कंबर यांना दुप्पट काम पडते आणि ते तरबेज होतात. पण न्हाणीघरात पाय घसरल्यावर वाचवते ते मुख्यतः तिसरे, झटकन टाकलेले पाऊल. त्यामुळे फळीवर तरबेज असलेला माणूस घरात पडणारच नाही, असे मानू नये. तोलाचा सराव ज्या प्रकारचा असेल, त्याच प्रकारात तो सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

ते झटकन टाकलेले पाऊल हा ताकदीपेक्षा वेगाचा प्रश्न आहे. साठीनंतर स्नायूंची ताकद वर्षाला एक ते दोन टक्क्यांनी घटते असे धरले, तर ती ताकद क्षणार्धात लावण्याची क्षमता त्याहून वेगाने, वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटते. स्नायूंतले जलद आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात, हे त्याचे एक कारण. रोजचे संथ चालणे हृदयाला उत्तम, पण या तंतूंना ते फारसे जागे करत नाही. चढ, जिना, उठाबशा, चेंडू-फुलाचे खेळ, फळीवरची वळणे त्यांना हलवतात. आणि उशीर झाला असे समजण्याचे कारण नाही. बोस्टनमधल्या एका शुश्रूषागृहात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला गेला होता. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. हा अभ्यास १९९० मधला आहे. इतक्या वर्षांनंतरही आपल्याकडे नव्वदीच्या आजोबांना व्यायाम सांगितला की नातेवाईक डॉक्टरकडेच संशयाने पाहतात.

माउंटनबोर्डिंगचा एक मोठा फायदा त्याच्या गैरसोयीत आहे. जंगलात रोपवे नसतो. उतार एक-दोन मिनिटांत संपतो आणि मग पाच-सात किलोची फळी घेऊन पुन्हा वर चालायचे असते. अशा आठ-दहा फेऱ्या झाल्या की नकळत चांगली टेकडी चढून होते. चढताना हृदय-फुप्फुसांचे काम होते. उतरताना वेगळीच गोष्ट घडते. वाकलेल्या गुडघ्यांवर शरीर तोलून धरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावत असतात. अशा कामाला प्राणवायू तुलनेने कमी लागतो, पण स्नायूंवर भार चांगला पडतो. ऑस्ट्रियात हाइन्झ ड्रेक्सेल यांच्या गटाने डोंगरावर काही महिने प्रयोग केला. लोकांनी आधी चढून जायचे आणि केबल कारने उतरायचे, मग काही आठवडे नेमके उलटे. नुसते उतरण्यानेही रक्तातली साखर हाताळण्याची शरीराची क्षमता सुधारली आणि नुसते चढण्याने रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी कमी झाली. गुडघे फार झिजलेल्यांनी उताराच्या नादी लागू नये, हे खरे. पण ‘उतरणे म्हणजे व्यायामच नव्हे’ हेही खरे नाही.

मग सोबतीचा मुद्दा. अनुभवी लोक अशा वाटांवर एकटे जात नाहीत. पुढचा माणूस ‘मूळ आहे’, ‘चिखल आहे’ असे ओरडून सांगतो, पडला तर उचलायला कुणी असते आणि पाऊस आला तरी कुणी तरी वाट बघत असल्यामुळे घरून निघावेच लागते. या तिसऱ्या गोष्टीची आरोग्यशास्त्रात हवी तितकी दखल घेतली जात नाही, असे मला वाटते. कोपनहेगनमध्ये हजारो लोकांचा पंचवीस वर्षांपर्यंत मागोवा घेतलेल्या अभ्यासात, न खेळणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणाऱ्यांचे आयुष्य ९.७ वर्षांनी, बॅडमिंटनवाल्यांचे ६.२ वर्षांनी आणि पळणाऱ्यांचे ३.२ वर्षांनी अधिक आढळले. जिममध्ये जाणाऱ्यांचे फक्त दीड वर्षाने. यातून टेनिसनेच आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही, कारण टेनिस खेळणारे मुळात सुखवस्तू आणि धडधाकट असू शकतात. तरी जे खेळ दुसऱ्याशिवाय खेळता येत नाहीत ते यादीत वर आहेत, याकडे संशोधकांनीही लक्ष वेधले होते. आपल्याकडे निवृत्तीनंतर दर रविवारी गडावर जाणाऱ्या मंडळींना हे पटेल. गड महिनाभर तिथेच असतो, पण फोन करून उठवणारा मित्र नसेल तर गडही घडत नाही.

आता धोका. तो खराच आहे आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. माणूस पडताना हात पुढे टेकतो. ही उपजत प्रतिक्रिया डोके वाचवते, पण मनगट मोडते. मनगटाजवळच्या अशा अस्थिभंगाला डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांचे नाव आहे. त्यांनी १८१४ मध्ये त्याचे वर्णन केले, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षे आधी. मनगटाला कडक पट्टीचे पॅड बांधले की हा धोका बराच घटतो. चाकांचे स्केट वापरणाऱ्यांवर १९९६ मध्ये अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, मनगटाचे पॅड न घालणाऱ्यांना मनगटाची इजा होण्याची शक्यता दहापट आढळली होती. म्हणून जंगलातल्या त्या साठीच्या मंडळींचे चिलखत पाहून हसू नये.

आणि काहींनी या खेळाच्या वाटेला जाऊच नये. हाडे ठिसूळ झालेली आहेत, विशेषतः पाळी गेल्यानंतर हाडांची घनता कमी आलेल्या स्त्रिया. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणारे, ज्यांना डोक्याला लागलेला साधा मारही मेंदूत रक्तस्राव करू शकतो. चक्कर येण्याचा त्रास असलेले. मधुमेहामुळे तळपायांची संवेदना गेलेले. अशांनी वेग, उतार आणि चाके हे तिन्ही एकत्र आणू नयेत. साठीत पहिल्यांदा फळीवर चढणे आणि तीस वर्षे चढत आलेल्याने साठीत चालू ठेवणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. तिथेही पन्नाशीनंतरचे शहाणे लोक उड्या सोडतात, लहान उतार घेतात, ओल्या दिवशी वेग कमी ठेवतात.

पण न हलण्याचाही धोका असतो, तो दिसत नाही एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरतात. त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक. यांतले बहुतेक जण डोंगरावर पडत नाहीत, ते घराच्या आसपास, ओल्या फरशीवर, जिन्यावर, पायपुसण्यात पाय अडकून पडतात. आणि एकदा पडले की भीती बसते. भीतीमुळे बाहेर जाणे कमी होते, पाय अशक्त होतात, चाल आखडते आणि पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. घरचे लोक प्रेमापोटी या चक्राला हातभार लावतात. ‘तुम्ही बसा हो बाबा, पाणी मी आणते.’ १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये घेतला गेला. त्यात व्यायामाने ज्येष्ठांचे पडणे २३ टक्क्यांनी कमी होते असे निघाले. तोल आणि रोजच्या हालचालींचा सराव करून घेणारे व्यायाम सर्वांत भरवशाचे ठरले.

आपल्याकडे माउंटनबोर्ड सहज मिळत नाही आणि मिळाला तरी त्यासाठी धावाधाव करण्याची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा सराव करायला सांगते. त्याला ओटा पुरतो. चहा उकळेपर्यंत एका पायावर उभे राहावे, बोट ओट्यावर टेकलेले. ते जमू लागले की बोट उचलावे, मग उभ्या उभ्या मान डावी-उजवीकडे फिरवून पाहावी. डोळे मिटून करायचे असेल तर शेजारी कुणीतरी हवेच. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि हात न टेकता उठणे, ही आपली जुनी सवय गुडघे परवानगी देतात तोवर सोडू नये. टेकडी, बागेतली मातीची वाट, समुद्राची मऊ वाळू जवळ असेल तर सिमेंटच्या पदपथापेक्षा ती निवडावी. एकाच काचेत जवळचे-दूरचे दोन्ही नंबर असलेला चष्मा जिन्यावर आणि खडबडीत वाटेवर घात करतो, कारण खाली पाहताना पायरी वाचनाच्या नंबरातून धूसर दिसते. चालायला जाताना फक्त दूरचा नंबर असलेला चष्मा वेगळा ठेवावा. ओट्याशी सराव करताना दोन्ही पाय आळीपाळीने घ्यावेत. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा कच्चा असतो आणि तो कोणता, हे पहिल्याच दिवशी कळते.